ग्रोथ स्कॅनमधली हाडांची मापं: रिपोर्ट पायरीपायरीनं कसा वाचायचा

आठव्या महिन्याची सोनोग्राफी झाली की रिपोर्टचा फोटो आधी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो आणि डॉक्टरांकडे नंतर. त्यात एक ओळ हमखास घाबरवते: ‘एफएल ५८ मिमी, ३० आठवडे २ दिवस’. बाईला तर बत्तिसावा आठवडा पुरा झालेला असतो. मग कुणी म्हणतं बाळाचं मांडीचं हाड दोन आठवडे मागे आहे, कुणी म्हणतं कॅल्शियम कमी पडलं, कुणी लगेच नाचणीचं सत्त्व सुरू करायला सांगतं. पुण्यात ओपीडीत बसून हे रिपोर्ट समजावून सांगताना मला सगळ्यात जास्त वेळ या एका ओळीवर द्यावा लागतो. त्या वेळेची मला तक्रार नाही. रिपोर्ट नीट वाचता आला तर विनाकारणची काळजी टळते, आणि जिथे काळजी करायलाच हवी तिथे ती वेळेवर होते.

मांडीच्या हाडाचा आकडा एकटा वाचायचाच नसतो. आधी गर्भाचं वय पक्कं करायचं, मग माप नीट घेतलंय का ते बघायचं, मग ते माप त्या वयाच्या तक्त्यात कुठे बसतं ते पाहायचं, मग पोटाच्या घेराशी ताडायचं, आणि शंका उरली तर काही आठवड्यांनी पुन्हा मोजायचं. हा क्रम उलटा केला की गोंधळ होतो. गरोदर बाई, तिचा नवरा, सासू, आई, आणि वॉर्डात हेच प्रश्न झेलणाऱ्या सिस्टर व शिकाऊ डॉक्टर या सगळ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा क्रम इथे सविस्तर देते आहे. उपचाराचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांबरोबर बसूनच घ्यायचा.

चार मापं आणि त्यांचे अर्थ

ग्रोथ स्कॅनमध्ये चार मापं घेतात. बीपीडी म्हणजे डोक्याची रुंदी, एचसी म्हणजे डोक्याचा घेर, एसी म्हणजे पोटाचा घेर आणि एफएल म्हणजे मांडीच्या हाडाची लांबी. या चारांवरून, किंवा त्यातल्या तिनांवरून, मशीन बाळाचं अंदाजे वजन काढतं. ते रिपोर्टवर ईएफडब्ल्यू म्हणून येतं. आपल्याकडच्या बहुतेक मशीनमध्ये त्यासाठी हॅडलॉक यांची सूत्रं असतात. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात १९८० च्या दशकात ती तयार झाली.

ही चार मापं एकच गोष्ट सांगत नाहीत. हाडांची मापं सांगाडा आणि उंची दाखवतात. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा. पोटाचा घेर मात्र बाळाच्या पोषणाचा हिशोब देतो, कारण तो जिथे मोजतात तिथे मुख्यतः यकृत असतं. वारेतून पुरवठा कमी पडू लागला की बाळ मेंदूकडे रक्त वळवतं, यकृतातला साखरेचा साठा घटतो, कातडीखालची चरबी पातळ होते. म्हणून पोट आधी मागे पडतं. मांडीचं हाड बराच काळ आपल्या गतीनं वाढत राहतं. डोकं सगळ्यात शेवटी मागे पडतं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. एफएल म्हणजे मांडीचं पूर्ण हाड नव्हे. दोन्ही टोकांना अजून कूर्चा असते, ती मोजत नाहीत. चुना भरून घट्ट झालेला मधला दांडा तेवढा मोजतात.

पहिली पायरी: गर्भाचं वय एकदाच पक्कं करा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे सावकाश जा.

पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजले की अपेक्षित तारीख, म्हणजे ईडीडी मिळते. पण ज्यांची पाळी पस्तीस-चाळीस दिवसांनी येते, ज्यांनी नुकत्याच गोळ्या थांबवल्यात, किंवा ज्यांना तारीख नीट आठवत नाही, त्यांचा हा हिशोब चुकतो. त्यासाठी पहिल्या तीन महिन्यांतला स्कॅन लागतो. त्यात बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी, म्हणजे सीआरएल मोजतात. या काळात सगळी बाळं जवळजवळ सारख्याच गतीनं वाढतात. म्हणून हे माप वय ठरवायला सगळ्यात भरवशाचं.

नियम असा. नऊ आठवडे पुरे होण्याआधीच्या, म्हणजे ८ आठवडे ६ दिवसांपर्यंतच्या स्कॅनमध्ये पाळीच्या तारखेपेक्षा पाच दिवसांहून जास्त फरक आला तर तारीख बदलायची. ९ ते १३ आठवडे ६ दिवसांत सात दिवसांहून जास्त फरक असेल तर बदलायची. फरक त्याहून कमी असेल तर पाळीची तारीखच धरायची. पहिला स्कॅनच उशिरा झाला असेल तर सूट वाढत जाते: १६ ते २१ आठवड्यांत दहा दिवसांपर्यंत, २२ ते २७ मध्ये चौदा दिवसांपर्यंत, २८ नंतर एकवीस दिवसांपर्यंत. आयव्हीएफ असेल तर गर्भ सोडल्याच्या तारखेवरून वय काढतात, तिथे हा वाद उरतच नाही.

एक उदाहरण कागदावर मांडून बघा. पाळी १ जानेवारी २०२५. त्यावरून ईडीडी ८ ऑक्टोबर. एनटी स्कॅन (तिसऱ्या महिन्याच्या शेवटी होणारा, बाळाच्या मानेमागची जाडी बघणारा स्कॅन) २ एप्रिलला झाला, त्या दिवशी पाळीनुसार १३ आठवडे पुरे. पण सीआरएल आली ५० मिमी, म्हणजे ११ आठवडे ५ दिवस. फरक नऊ दिवसांचा, सातापेक्षा जास्त. म्हणून तारीख बदलून १७ ऑक्टोबर करायला हवी. समजा ती कुणीच बदलली नाही, फाइलच्या पहिल्या पानावर ८ ऑक्टोबरच राहिली. आता १३ ऑगस्टला ग्रोथ स्कॅन होतो. फाइलनुसार ३२ आठवडे, आणि एफएल ५८ मिमी, ‘३० आठवडे २ दिवस’. घरात रडारड. खरं वय त्या दिवशी आहे ३० आठवडे ५ दिवस. म्हणजे हाड बारा दिवस मागे नसून तीन दिवसांचा फरक आहे, आणि तो काहीच नव्हे. या बाळाला कसलाही आजार नव्हता. फाइलवरची तारीख दुरुस्त करायची राहिली होती, इतकंच.

याच्या उलट चूकही तितकीच वाईट. पुढच्या प्रत्येक स्कॅनमध्ये मशीन त्या दिवशीच्या मापांवरून नवी ईडीडी छापतं. सातव्या महिन्यात १२ ऑक्टोबर, आठव्यात २० ऑक्टोबर, नवव्यात २७ ऑक्टोबर. लोकांना वाटतं तारीख पुढे गेली. तारीख पुढे जात नसते. नवी तारीख धरली की मागे पडत चाललेलं बाळ कागदावर आपोआप ‘वयाप्रमाणे बरोबर’ दिसू लागतं. वाढ खुंटत असल्याची खूण अशी कागदातच दडून जाते. म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर पेननं मोठ्या अक्षरात एकच ईडीडी लिहा, खाली ती कशावरून ठरली ते लिहा, आणि प्रत्येक स्कॅनच्या वेळी तीच दाखवा.

ज्यांचा एकही लवकरचा स्कॅन नाही त्यांच्यासाठी थोडेफार मार्ग आहेत. दुसऱ्या तिमाहीत लहान मेंदूची रुंदी मिलिमीटरमध्ये जितकी, साधारण तितके आठवडे. शेवटच्या तिमाहीत गुडघ्याजवळ मांडीच्या हाडाच्या टोकाला हाडाचा छोटा गोल ठिपका दिसू लागतो तो ३२ आठवड्यांच्या सुमारास, आणि नडगीच्या वरच्या टोकाला दिसतो तो ३५-३६ च्या सुमारास. यावरून अंदाज येतो, पण पक्कं वय मिळत नाही. म्हणून पाळी चुकली की सहाव्या-सातव्या महिन्याची वाट न बघता पहिला स्कॅन करून घ्या.

दुसरी पायरी: माप कसं घेतलंय ते बघा

रिपोर्टबरोबर जे काळे-पांढरे फोटो मिळतात ते फेकू नका. मांडीच्या हाडाचा फोटो शोधा. चांगल्या फोटोत हाड पडद्यावर आडवं, जवळजवळ सपाट झोपलेलं दिसतं आणि निम्म्याहून जास्त जागा व्यापतं. दोन्ही टोकं ठसठशीत दिसतात. कॅलिपरच्या, म्हणजे माप घेण्याच्या खुणेच्या, दोन फुल्या बरोबर पांढऱ्या दांड्याच्या दोन टोकांवर बसलेल्या असतात. आडवं का? ध्वनिलहरी हाडावर काटकोनात पडल्या तरच दोन्ही टोकं स्वच्छ उमटतात. हाड तिरकं, ४५ अंशांहून जास्त कललेलं असेल, किंवा प्रोबचा (पोटावर फिरवतात त्या यंत्राचा) छेद तिरपा गेला असेल, तर दांडा आहे त्याहून आखूड भरतो. उलट चूक गुडघ्याकडच्या टोकाला होते. तिथे कधीकधी एक बारीक पांढरी टोकदार रेघ पुढे आलेली दिसते. ती हाडात धरली की माप दोन-तीन मिमी वाढतं. प्रोबच्या जवळची मांडी मोजायची. लांबची मांडी पडद्यावर वाकलेली दिसते, आणि तेवढ्यावरून ‘हाड वाकडं आहे’ असं कुणी ठरवू नये.

एक-दोन मिलिमीटरची चूक अनुभवी हातातही होते. एवढ्या बारीक चुकीला किती महत्त्व द्यायचं? विसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात मांडीचं हाड आठवड्याला साधारण अडीच मिमी वाढतं. बत्तिसाव्यानंतर आठवड्याला जेमतेम दोन मिमी. म्हणजे नवव्या महिन्यात दोन मिमीची चूक कागदावर ‘एक आठवडा मागे’ होऊन बसते. म्हणून मापावर शंका असेल तर त्याच बैठकीत तीनदा मोजून सरासरी घेतात. बाळ अवघड कोनात असेल तर थोडं चालून यायला सांगतात. घाईत असलात तरी तेवढं चालून या.

डोक्याचा आणि पोटाचा फोटोही बघून घ्या. पोटाचा छेद गोल हवा, त्यात जठराचा काळा बुडबुडा आणि यकृतातल्या नाळेच्या शिरेचा छोटा तुकडा दिसायला हवा, मूत्रपिंडं दिसायला नकोत. बाळ पायाळू असेल तर डोकं लांबट होतं आणि बीपीडी उगाच कमी भरते. अशा वेळी डोक्याचा घेर धरायचा.

स्कॅनच्या आधी फॉर्म एफ, म्हणजे गरोदरपणातल्या सोनोग्राफीची कायदेशीर नोंद, भरून घेतात, ओळखपत्र मागतात. १९९४ चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा आणि २००३ ची दुरुस्ती यांमुळे हा फॉर्म बंधनकारक आहे. महाराष्ट्रानं तर १९८८ मध्येच असा कायदा केला होता, देशात सगळ्यांच्या आधी. लिंग विचारू नका, आडून आडूनही नको.

तिसरी पायरी: ‘आठवडे’ बाजूला ठेवा, तक्त्यात जागा शोधा

रिपोर्टवर मापासमोर जे आठवडे छापतात त्यांचा अर्थ एवढाच: ५८ मिमी ही ३० आठवडे २ दिवसांच्या बाळांची सरासरी लांबी आहे. तुमच्या बाळाचं वय तेवढं आहे असं ते सांगत नाही. बत्तीस आठवड्यांच्या शंभर निरोगी बाळांच्या मांड्या मोजल्या तर त्या एका मापाच्या भरणार नाहीत. काही ५८, काही ६३, काही ६७. विचारायचा प्रश्न असा की या शंभरात माझं बाळ कितवं? तेच पर्सेंटाइल.

हॅडलॉकच्या तक्त्यात एफएलची सरासरी साधारण अशी आहे: २० आठवड्यांना ३३ मिमी, २४ ला ४४, २८ ला ५४, ३२ ला ६३, ३६ ला ७१, ४० ला ७७. प्रमाण विचलन, म्हणजे निरोगी बाळांची मापं सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे पसरतात तो आकडा, सगळीकडे तीन मिमीच्या आसपास. रिपोर्टवर पर्सेंटाइल दिलेलं नसेल तर घरीही काढता येतं. माप वजा सरासरी, भागिले तीन. उणे एक आलं तर साधारण सोळावं पर्सेंटाइल, उणे पावणेदोनच्या जवळ आलं तर पाचवं, उणे दोनच्या खाली गेलं तर अडीचाहून कमी.

वय खरोखरच पक्कं ३२ आठवडे असेल आणि एफएल ५८ असेल, तर ५८ वजा ६३ म्हणजे उणे पाच, भागिले तीन, उणे १.६७. पाचवं पर्सेंटाइल. शंभरातल्या पाच निरोगी बाळांची मांडी एवढीच किंवा याहून आखूड असते. हे निदान झालं नाही. आणखी बघायला हवं, एवढाच त्याचा अर्थ. आई पाच फुटांच्या आत आणि बाबाही मध्यम उंचीचे असतील तर बाळाचं हाड सरासरीच्या खाली असण्यात नवल काय?

चौथी पायरी: हाड पोटाशी ताडून बघा

माझ्या मते सगळ्या रिपोर्टमधली सगळ्यात उपयोगाची आकडेमोड ही, आणि नेमकी तीच बरेचदा रिपोर्टवर नसते. एफएलला एसीनं भागा आणि शंभरनं गुणा. एकविसाव्या आठवड्यानंतर हा आकडा जवळजवळ स्थिर राहतो: २२, दोन इकडे किंवा तिकडे. वय चुकलेलं असलं तरी यात फारसा फरक पडत नाही, हा त्याचा मोठा फायदा. २४ च्या वर गेला तर हाडाच्या मानानं पोट बारीक, बाळ रोड. २० च्या खाली गेला तर पोट मोठं. मधुमेह असलेल्या आईच्या बाळात हे दिसतं. काही वेळा हाडच आखूड असल्यानंही तो खाली जातो.

आता एक दुसरं बाळ घ्या. वय पक्कं ३२ आठवडे. एफएल ६२, म्हणजे अगदी सरासरीजवळ. एचसी २९५, तीही ठीक. एसी २५२. अंदाजे वजन येतं सुमारे १६४० ग्रॅम. बत्तिसाव्या आठवड्याचं मधलं वजन साधारण १९५० ग्रॅम आणि दहावं पर्सेंटाइल सुमारे १६२० ग्रॅम. म्हणजे वजन दहाव्याच्या जरासं वरच. रिपोर्टच्या शेवटी ‘वाढ वयाप्रमाणे’ असं लिहून प्रकरण संपू शकतं. हाडं छान, वजन दहाच्या वर, घरात पेढे.

पण पोट बघा. बत्तिसाव्या आठवड्याला पोटाच्या घेराची सरासरी २८० मिमी, विचलन १३ च्या आसपास. २५२ म्हणजे उणे दोनच्याही खाली, तिसऱ्या पर्सेंटाइलच्या आत. एफएल-एसी गुणोत्तर २४.६. चांगल्या लांबीच्या हाडानं वजनाचा आकडा वर उचलून धरला आहे आणि पोटाची घट झाकली आहे. २०१६ साली जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून गर्भाची वाढ खुंटण्याचे जे निकष ठरवले त्यांत पोटाचा घेर किंवा अंदाजे वजन तिसऱ्या पर्सेंटाइलच्या खाली असणं एवढं एकच पुरेसं धरलं आहे. या बाळाला कलर डॉप्लर (नाळेतला आणि बाळाचा रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) हवं, आईचा रक्तदाब आणि लघवीतलं प्रोटीन बघायला हवं, पुढचा स्कॅन लवकर हवा. तारीख चुकलेल्या त्या आधीच्या बाळाच्या घरी रडारड झाली होती आणि या घरी पेढे वाटले. खरं लक्ष या बाळाकडे द्यायला हवं होतं.

अंदाजे वजनातही पंधरा टक्क्यांपर्यंतची चूक सहज असते. १६४० ग्रॅम छापलं तरी खरं वजन १४०० असू शकतं किंवा १८८०. एकाच आठवड्यात दोन सेंटरवर दोनशे ग्रॅमचा फरक आला म्हणून एकाला चूक ठरवू नका.

हाड खरोखरच आखूड असेल तर

वय पक्कं, फोटो चांगला, पुन्हा मोजलं, तरी एफएल पाचव्या पर्सेंटाइलच्या खाली. आता प्रश्न सुटे करायचे.

बाकी सगळं सरासरीत आणि आई-बाबा उंचीनं कमी असतील तर बहुतेक वेळा ही घरचीच ठेवण. अशा बाळाचं हाड प्रत्येक स्कॅनमध्ये त्याच रेषेवर चालत राहतं, आणखी खाली घसरत नाही.

दुसरी शक्यता वारेची. पाचव्या महिन्याच्या एनॉमली स्कॅनमध्ये (बाळात काही व्यंग आहे का ते बघणाऱ्या स्कॅनमध्ये) एकटं मांडीचं हाड आखूड दिसलं आणि पुढे सातव्या-आठव्या महिन्यात बाळाची वाढ कमी पडली, असं काही जणींत होतं. म्हणून अशा वेळी गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांचं डॉप्लर बघतात आणि चार आठवड्यांनी ग्रोथ स्कॅन सांगतात. हा स्कॅन चुकवू नका.

तिसरी शक्यता गुणसूत्रांची. आखूड मांडीचं हाड हे डाउन सिंड्रोमचं एक हलकं लक्षण मानतात. दंडाचं हाड त्याहून थोडं बोलकं. पण पहिल्या तिमाहीतली रक्ततपासणी आणि एनटी स्कॅन यांत जोखीम कमी आली असेल आणि दुसरं काही नसेल, तर या एका लक्षणानं चित्र फारसं बदलत नाही. तपासणीच झाली नसेल तर मात्र समुपदेशन करून घ्या.

चौथी शक्यता हाडांच्या वाढीच्या आजारांची. ती दुर्मीळ आहे, पण तिचं नाव ऐकलं की माणसं झोपत नाहीत, म्हणून जरा थांबून सांगते. अशा आजारात माप थोडं कमी येत नाही, बरंच कमी येतं, सरासरीच्या चार विचलनं खाली आणि त्याहूनही. एकटी मांडी नाही, दंड, हात, नडगी सगळंच आखूड असतं. म्हणून डॉक्टर सगळी लांब हाडं मोजतात, छातीचा घेर बघतात, कवटीचा आकार बघतात, हाडं वाकलेली किंवा मोडलेली आहेत का ते तपासतात. एक साधी खूण पावलाची. बाळाच्या पावलाची लांबी आणि मांडीच्या हाडाची लांबी जवळजवळ सारखी असते. बाळ नुसतंच लहान असेल तर दोन्ही मिळून लहान असतात आणि गुणोत्तर एकच्या आसपास राहतं. हाडाच्या आजारात पाऊल नेहमीचं आणि मांडी आखूड, गुणोत्तर ०.९ च्या खाली घसरतं. एफएल-एसी गुणोत्तर १६ टक्क्यांच्याही खाली आणि छाती अरुंद असेल तर ते गंभीर. अशा वेळी गर्भतज्ज्ञ आणि जनुकतज्ज्ञ दोघांनाही गाठायला हवं, तेही दिवस न घालवता. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर चोवीस आठवड्यांपुढचा निर्णय वैद्यकीय मंडळाकडे जातो. एनॉमली स्कॅन १८ ते २० आठवड्यांतच करा असं आम्ही का म्हणतो त्याचं हेही एक कारण. अकॉन्ड्रोप्लासिया हा खुजेपणाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार मात्र एनॉमली स्कॅनला बहुधा दिसत नाही. त्यात मांडीचं हाड सहाव्या महिन्यानंतर मागे पडायला लागतं.

आणि कॅल्शियम? मांडीचं हाड मागे असण्याचं नेहमीचं कारण ते नसतं. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून रोज दोन घ्यायच्याच, पण त्या हाडाची लांबी वाढवण्यासाठी नाहीत. आईच्या हाडांची झीज होऊ नये आणि गरोदरपणातल्या रक्तदाबाची जोखीम कमी व्हावी यासाठी आहेत.

आपल्याकडची बाळं आणि परदेशी तक्ते

‘तक्ता अमेरिकेचा, बाळ पुण्याचं’ हा आक्षेप रास्त आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन पावणेतीन किलोच्या जरा आत, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. पण ही बाळं सगळीकडून सारखी लहान नव्हती. पोटाचा आणि दंडाचा घेर फार कमी, म्हणजे स्नायू आणि आतले अवयव लहान, तर पाठीवरची कातडीखालची चरबी बऱ्यापैकी राखलेली. वजनाचा एकटा आकडा किती अपुरा असतो हे या कामानं जगाला दाखवलं.

दुसरीकडे इंटरग्रोथ प्रकल्पानं आठ देशांतल्या निरोगी, चांगलं पोषण असलेल्या मातांची बाळं मोजली. त्यात भारतातलं केंद्र होतं आपलं नागपूर. २०१४ मध्ये आलेल्या त्या तक्त्यांमागचा निष्कर्ष असा की आई निरोगी असेल आणि तिला पुरेसं खायला मिळत असेल, तर बाळाचा सांगाडा जगात जवळपास सगळीकडे सारखाच वाढतो.

म्हणून ‘आमच्याकडे बाळं लहानच असतात’ हे वाक्य मला सावधपणे वापरावंसं वाटतं. सगळीच मापं सारखी थोडी खाली असतील आणि आपल्या रेषेवर चालत असतील तर ते पटतं. पोट रेषा सोडून खाली उतरत असेल तर पटत नाही. आणि एका गर्भारपणात तक्ता एकच ठेवा. एका स्कॅनला हॅडलॉक आणि पुढच्याला इंटरग्रोथ असं झालं तर पर्सेंटाइल निव्वळ तक्त्यामुळे वरखाली होतं. कुठला तक्ता वापरला ते रिपोर्टवर बारीक अक्षरात असतं. नसेल तर विचारा.

पाचवी पायरी: पुन्हा कधी मोजायचं

दोन ग्रोथ स्कॅनमध्ये किमान दोन आठवडे हवेत, तीन असतील तर उत्तम. आठवड्यानं पुन्हा मोजलं तर वाढ किती आणि चूक किती ते वेगळं काढता येत नाही. डॉप्लर आणि बाळाभोवतीचं पाणी मात्र गरजेप्रमाणे आठवड्यानं किंवा त्याहूनही लवकर बघतात, ती तपासणी वेगळी. बत्तिसाव्या आठवड्यापासून तीन आठवड्यांत मांडीचं हाड साधारण सहा मिमी आणि पोटाचा घेर सत्तावीस-अठ्ठावीस मिमी वाढायला हवा. हाड चार मिमी वाढलं तरी मोजण्यातली चूक धरता चालेल. पोट दहाच मिमी वाढलं तर चालणार नाही.

पुण्यात आणखी एक अडचण येते. डोहाळजेवण झालं की मुलगी बाळंतपणाला माहेरी जाते, साताऱ्याला, लातूरला, रत्नागिरीला. पहिले दोन स्कॅन इथे आणि तिसरा तिकडे. मशीन वेगळं, हात वेगळा, तक्ता वेगळा, आणि जुनी फाइल हिंजवडीच्या फ्लॅटमध्ये कपाटात. माहेरच्या डॉक्टरांना मागचे आकडे न दाखवता नुसतं ‘आधीचं सगळं नॉर्मल होतं’ सांगून उपयोग नाही. एनटी स्कॅनचा रिपोर्ट सगळ्यात जपून न्या, कारण सगळं वय त्याच्यावर उभं आहे. पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची मोफत तपासणी असते. खर्चामुळे स्कॅन लांबणीवर पडत असेल तर तिथे विचारा. ससूनमध्ये आणि महापालिकेच्या कमला नेहरू रुग्णालयातही चौकशी करता येते.

मधल्या दिवसांत घरी टेपनं पोट मोजत बसू नका. बाळाच्या हालचालींकडे लक्ष द्या. जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून राहा आणि रोजच्यासारखी हालचाल जाणवते का ते बघा. नेहमीपेक्षा कमी वाटली, किंवा डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, अंगावरून पाणी किंवा रक्त जातंय, तर पुढच्या स्कॅनच्या तारखेची वाट बघायची नाही. रात्र असली तरी फाइल घ्या आणि दवाखान्यात निघा.